भिंतीतली झिरी

विटांचं काम उरकलेलं असतं आणि गवंडी गिलाव्यासाठी परांची बांधायच्या तयारीत असतो. मधल्या या थोड्या दिवसांत घर वायरमनच्या ताब्यात असतं. सगळ्या खोल्यांतून ठरावीक उंचीवर आडवी खूण फिरवलेली असते, तिला लेव्हल म्हणतात. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने ती काढतात. फरशी अजून बसलेली नसल्यामुळे स्विचबोर्ड, गिझर, एसी, बेडशेजारचा प्लग या सगळ्यांची उंची या खुणेवरूनच मोजायची. मग रंगात बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून झटका द्यायचा की उभी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे झिरीची, म्हणजे वायरीचा पाइप बसवायला भिंतीत कापायच्या खाचेची जागा.

पूर्वी झिरी छन्नी-हातोड्याने मारायचे. एका बोर्डाला बिगाऱ्याचा अर्धा दिवस जाई आणि ठोक्यांनी ताजी जोडाई हलायची. आता चार इंची ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून दोन समांतर काप घेतात आणि मधला भाग छन्नीने उडवतात. दोन्ही काप एकदम घेणारं वॉल चेझर नावाचं यंत्रही मिळतं, त्याला धूळ ओढणारा पंप जोडता येतो. छोट्या कंत्राटदाराकडे मात्र बहुतेक ग्राइंडरच दिसतो. रुंदी पाइपापेक्षा थोडी जास्त ठेवायची. खोली अशी हवी, की पाइप विटेच्या पृष्ठभागाच्या आत जाईल आणि वर मसाल्याचा थर बसेल. पाइप बाहेर डोकावत राहिला तर गवंडी तेवढ्यापुरता गिलावा पातळ करतो, आणि तडा तिथेच जातो.

मुंबईत १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. त्या काळातल्या घरांत झिरी नसायची, वायर भिंतीवरूनच जायची. आधी चिनी मातीच्या पकडी होत्या, मग सागवानी पट्ट्यांवर पत्र्याच्या क्लिपांनी दाबलेल्या वायरी आल्या. जुन्या चाळींत आणि वाड्यांत ही लाकडी पट्टी अजून पाहायला मिळते. पुढे प्लॅस्टिकची पट्टी फिटिंग आली. या पद्धतींत एक सोय होती, ती म्हणजे वायर कुठून कुठे गेली ते दिसायचं. झिरीतून वायर नेणाऱ्या कन्सील फिटिंगने ते दिसणं काढून घेतलं आणि बदल्यात सपाट भिंत दिली. त्यामुळे वायरीचा माग राखायची जबाबदारी पाइपावर आणि वायरमनच्या शिस्तीवर येऊन पडली.

झिरी वायर लपवण्यासाठी मारतात, असा सर्वसाधारण समज आहे. नुसतं लपवायचंच असतं तर वायर थेट गिलाव्यात गाडूनही भागलं असतं, आणि काही ठिकाणी तसं करतातही. अशी गाडलेली वायर जळाली की भिंत फोडण्यावाचून गत्यंतर नाही. पाइप असेल तर जुनी वायर ओढून काढता येते आणि तिच्याच टोकाला बांधून नवी आत नेता येते. म्हणून चांगल्या झिरीची परीक्षा वीस वर्षांनी होते. त्या दिवशी येणारा वायरमन वेगळा असेल, पण आधीच्या माणसाने काय केलं ते त्याच्या हाताला कळेल. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड घातलाय का, पाइपात जोड ठेवलेला नाही ना, २० मिलिमीटरच्या पाइपात दाटीवाटीने वायरी कोंबल्या आहेत का, हे सगळं तो ओढूनच ओळखतो.

झिरीची दुसरी बाजू भिंतीच्या ताकदीची. भार पेलणाऱ्या वीटबांधकामासाठी आयएस १९०५ हे भारतीय मानक आहे. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा आणि आडवी एकषष्ठांशापेक्षा खोल नसावी, असं ते सांगतं. आडवी टाळता येत नसेल तर ती मजल्याच्या उंचीच्या वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या भागात घ्यावी, असंही त्यात आहे. नऊ इंची भिंतीत हा हिशेब आरामात बसतो: उभी तीन इंच, आडवी दीड इंच. साडेचार इंची भिंतीत मात्र आडवीची मर्यादा पाऊण इंचावर येते आणि २० मिलिमीटरचा पाइप तेवढ्यातही पुरता मावत नाही. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत आतल्या भिंती छताचा भार घेत नाहीत, म्हणून वायरमन बिनधास्त असतो. पण दोन खोल्यांचे बोर्ड एकाच जागी पाठीला पाठ लावून आले आणि दोन्हींसाठी दोन-दोन इंच खोल डबे बसले, तर मध्ये उरते जेमतेम अर्धा इंच वीट. अशा ठिकाणी एक बोर्ड फूटभर बाजूला सरकवणं हाच शहाणपणा. कॉलम आणि बीमला तर ब्लेड लावायचंच नाही. तिथे कापली जाते ती सळईवरची काँक्रीटची राखण, आणि पुढे गंज धरतो.

तिरपी झिरी का मारू नये, याचं कारण खिळ्यात आहे. बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ बाजूला वायर असणार, एवढा अंदाज ड्रिल धरणाऱ्या कोणालाही असतो. कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेली वायर तो अंदाज खोटा पाडते आणि फ्रेमचा खिळा फेजमध्ये शिरतो. तरीही तिरपी झिरी दिसते, कारण वायरमनची मजुरी बहुधा पॉइंटवर ठरते, झिरीच्या फुटांवर नाही. ब्लेड झिजतं ते त्याचं, पाइपही कधीकधी त्याच्याच अंगावर. अशा व्यवहारात जवळची वाट फायद्याची ठरते. सरळ झिरी हवी असेल तर तिचे पैसे दरात आधीच धरायला हवेत.

पुष्कळदा चूक भिंतीच्याही आधी झालेली असते. स्लॅब ओतण्यापूर्वी सळयांवर पाइप आणि पंख्यांचे डबे बांधतात. पाइपाची तोंडं नीट बुजवली नाहीत तर सिमेंटचं पाणी आत जाऊन घट्ट होतं. मग छतातली वाट बंद होते आणि वायर भिंतीवरून आडवी फिरवावी लागते. म्हणजे स्लॅबवरचा आळस झिरी होऊन भिंतीवर उतरतो.

भिंत बदलली की झिरीही बदलते. हलक्या ब्लॉकमध्ये, म्हणजे लोक ज्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतात त्यात, ब्लेड लोण्यात सुरी जावी तसं जातं. म्हणूनच तिथे हात आवरावा लागतो, ठोकाठोकीने ब्लॉक चिरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात अख्खी भिंत काँक्रीटची ओतणाऱ्या मायवान पद्धतीच्या उंच इमारतींत पाइप आणि डबे ओतण्याआधीच ठेवतात. तिथे झिरी नसतेच. नंतर एखादा प्लग वाढवायचा म्हटलं की रहिवासी पुन्हा प्लॅस्टिकच्या पट्टीकडे वळतो.

या कामाची खरी किंमत फुप्फुसं मोजतात. ग्राइंडर वीट, ब्लॉक आणि सिमेंट कापतो तेव्हा सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी बारीक पूड उडते. ती वर्षानुवर्षं श्वासातून गेली की सिलिकोसिस होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या अधिसूचित रोगांच्या यादीत त्याचं नाव होतं, पण बांधकाम चालू असलेलं घर काही कारखाना नव्हे. नाकाला बांधलेला रुमाल ही पूड अडवत नाही. धूळ ओढणारं यंत्र आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हे दरात न लिहिलेले खर्च, म्हणून ते टळतात.

पाइप बसला की झिरी सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरायची, वर कोंबडी जाळी दोन्ही बाजूंना काही इंच जाईल अशी ठोकायची आणि पाणी मारायचं. भराव आणि जुनी वीट वेगवेगळ्या वेगाने आकसतात, त्यामुळे जाळी नसेल तर रंगावर उभी केसाएवढी रेघ उमटते. तिचं खापर फुटतं रंगाऱ्यावर.

घरमालकाने दोन गोष्टी मागून घ्याव्यात. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, मोजपट्टी चौकटीत दिसेल असा. आणि रंगाआधी कुठल्याही एका पॉइंटची वायर मागे-पुढे सरकवून दाखवायला सांगावी. सुटी सरकली तर वायरमनचे पैसे लगेच चुकते करावेत. अडली, तर रंगाऱ्याला दोन दिवस थांबवणं भिंत फोडण्यापेक्षा स्वस्त पडतं.