कानाला टोचणारा सूर

लखनौला गोमती ओलांडली की निशातगंजाची दाट वस्ती लागते. याच शहरात 1926 साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले आणि पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी त्याचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. अशा नगरीतील एखाद्या मराठी रसिकाने हौसेने अँप्लिफायर आणावा, आवडता ख्याल लावावा आणि थोड्याच वेळात त्याचे कान विटावेत, ही आपत्ती लहान नव्हे. गायकाचा ‘स’ सुईसारखा टोचतो, तानपुरा पत्र्यासारखा वाजतो. रसिक यंत्राला बोल लावतो आणि नव्याच्या शोधात निघतो. परंतु दोष पुष्कळदा यंत्राचा नसतो.

मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर उमटत असतात. मिरजेचा कारागीर तानपुऱ्याची घोडी घासून जवारी लावतो, तेव्हा या उपस्वरांचेच प्रमाण साधतो. जवारी फार खुली राहिली की झंकार कर्कश होतो, फार बंद झाली की मंद. घरातील आवाज तिखट लागतो तोही असाच, वरच्या कंपनांचे प्रमाण वाढल्यामुळे. त्यातच दर सेकंदास सुमारे 2000 ते 5000 कंपनांच्या पट्ट्यात मानवी कान सर्वांत तल्लख असतो. तेथली थोडीशी वाढही त्याला सोसत नाही.

म्हणून पहिली तपासणी खोलीची करावी. उघडी फरशी, गुळगुळीत भिंती आणि काचेची तावदाने आवाज परतवून लावतात. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून नाट्यगृहातील गाद्या व्याख्यानगृहात नेऊन मांडल्या आणि कोणत्या वस्तू किती नाद शोषतात याचे मोजमाप केले. जाड गालिचा व पडदे वरची कंपने चांगली शोषतात. जुन्या मैफलीतील गाद्या, लोड आणि तक्के बसण्याच्या सोयीबरोबर हेही काम करीत असत.

त्यानंतर स्पीकर पाहावेत. वरची कंपने झोताप्रमाणे सरळ जातात, म्हणून स्पीकरचे तोंड कानावरून किंचित बाजूला वळवावे. तो भिंतीजवळ सरकवला तर खर्ज भरतो आणि तिखटपणा झाकला जातो. आवाज अतोनात चढवला तर अँप्लिफायरची शक्ती संपते, लहरींचे माथे छाटले जातात व मुळात नसलेले उपस्वर जन्मतात. तेथे आवाज उतरवणे हाच उपाय. उलट, हळू आवाजात खर्ज आणि अतिउंच स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर व मन्सन यांनी 1933 मध्ये दाखविले. त्यासाठी रात्री वाढवलेला ट्रेबल सकाळी मोठ्या आवाजात बाधतो.

तबकडी वाजविणाऱ्याने जोडणीही पाहावी. 1954 नंतर रूढ झालेल्या पद्धतीनुसार तबकडी कोरताना खर्ज घटवून वरचे स्वर चढवितात. वाजविताना फोनोची जोडणी तो हिशेब उलटा फेडते. तार दुसऱ्याच खाचेत गेली, तर आवाज क्षीण आणि किरटा होतो.

एवढे करूनही टोचणी उरली, तरच ट्रेबलच्या बटणास हात लावावा, तोही अगदी थोडा. पारखीसाठी परिचित आवाजाचे एकच ध्वनिमुद्रण घ्यावे आणि एका वेळी एकच बदल करावा. तासभर ऐकूनही यंत्राची आठवण होऊ नये आणि बंदिशच मनात राहावी, एवढे साधले की खर्च वाचतो आणि गाणेही परत मिळते.