‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ : एक हरवलेला अर्थ

कोल्हापूर प्रकरणात शिक्षा होऊन टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्या मुक्कामात आगरकरांनी ‘हॅम्लेट’च्या मराठी भाषांतराचे काम केले. ते १८८३ मध्ये ‘विकारविलसित अथवा शेक्सपीअरकृत हॅम्लेट नाटकाचे भाषांतर’ या नावाने प्रसिद्ध झाले. या नावाचे दोन्ही भाग विचार करण्याजोगे आहेत. पहिल्या भागात नाटकाचा अर्थ सांगितला आहे : या सूडकथेतला खरा संघर्ष मनोविकारांचा आहे. दुसऱ्या भागात मूळ कर्त्याचा व कृतीचा स्पष्ट निर्देश आहे.

त्याच डोंगरीपासून फार दूर नसलेल्या गिरगाव, लालबाग, परळच्या वर्गांतून आज इंग्रजी साहित्य कसे शिकविले जाते? संघर्षाचे ठरावीक प्रकार फळ्यावर लिहून दिले जातात. पात्राच्या हेतूसाठी एकेक शब्द नेमलेला असतो : मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा मत्सर, हॅम्लेटची अनिश्चितता. विद्यार्थी हे शब्द गाईडमधून किंवा, अलीकडे, मोबाइलवरील तयार उत्तरांतून उचलतो. शब्द कोठून आला हे तो सांगत नाही आणि त्याला कोणी विचारीतही नाही.

वास्तविक, हेतू ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. तो पात्राच्या बोलण्यावरून व वागण्यावरून काढलेला निष्कर्ष असतो. प्रार्थना करणाऱ्या चुलत्याला मारण्याची संधी हॅम्लेट सोडतो. आता मारले तर याचा आत्मा स्वर्गात जाईल, असे कारण तो स्वतःच देतो. परंतु दिलेले कारण हेच खरे कारण असते काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधीचे व नंतरचे प्रवेश पुन्हा चाळून त्यांतील ओळी पुढे कराव्या लागतात. म्हणूनच आधार देणे हा केवळ शिष्टाचार नसून विचाराचाच एक टप्पा आहे. ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ या जुन्या प्रश्नप्रकाराचा हेतू नेमका हाच होता. पुढे कवीचे नाव व धड्याचे नाव पाठ म्हणून दाखविण्यापुरता तो उरला.

या सवयीची किंमत परीक्षेपुरती राहत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हे सारे एका पुढाऱ्याच्या महत्त्वाकांक्षेपायी घडले, असे सांगणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. हा गाईडातील एकशब्दी हेतूच झाला. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे, एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे, या मागण्यांचा आधार तपासणारा वाचक इतक्यावर थांबणार नाही. दत्ता सामंतांच्या निर्णयांचे मूल्यमापनही तो पुराव्यानेच करील. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात संपाने उद्ध्वस्त झालेले गिरणगावातील कुटुंब दिसते. एकाच खोलीत वाढलेली भावंडे निरनिराळ्या वाटांना का लागतात, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

वर्गातील विद्यार्थ्यांची संख्या मोठी, अभ्यासक्रम लांबलचक आणि पालकांचे लक्ष गुणांकडे. अशा स्थितीत शिक्षकाने काय करावे, हा आक्षेप रास्त आहे. बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी इंग्रजी बोलले जात नाही, हेही खरे. परंतु उपाय खर्चाचा नाही. हेतूविषयीच्या प्रत्येक प्रश्नात पाठातील दोन ओळी उद्धृत करून त्यांवरून निष्कर्ष कसा निघतो हे लिहावयास सांगावे आणि अर्धे गुण त्या आधाराला द्यावेत. हा सराव आधी एखाद्या मराठी नाटकावर करून घ्यावा, म्हणजे भाषेची अडचण आणि विचाराची अडचण यांची गल्लत होणार नाही. गाईडची मदत घेतली असल्यास तिचा उल्लेख करण्याची मुभा द्यावी. उल्लेखाला शिक्षा होऊ लागली की लपवाछपवी वाढते.

लालबागच्या चाळीतील मुलाला संघर्ष म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तो त्याच्या घरात असतो. ‘असे तू कशावरून म्हणतोस?’ हा प्रश्न मात्र त्याला शाळेत भेटला पाहिजे. तेथे तो भेटला नाही, तर उद्या सभेत, वर्तमानपत्रात वा कचेरीत कोणी कोणावर कसलाही हेतू लादला तरी तो मान डोलावीत राहील.