आजी का थिजते?

१७ नोव्हेंबर १९८८ रोजी ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था अमेरिकेतील इंटरनेटला जोडली गेली. आज इंटरनेट घरोघरी आहे; तरी रविवारी बोलता बोलता आजीचा चेहरा पडद्यावर थिजतोच!

अशा वेळी आधी दोष कुठे आहे ते शोधा. संगणक मोडेमला केबलने जोडा. बोलणे सुरळीत झाले, तर बाहेरची लाइन ठीक. अडते ते वायफाय. मीटरकास्टच्या कोपऱ्यातून, काँक्रीटच्या भिंतींपलीकडे लहरी क्षीण होतात. शक्य असल्यास मोडेम मोकळ्या, उंच जागी ठेवा.

केबलनेही अडले, तर मोडेम अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू करा. तरीही न जमल्यास कंपनीला फोन.

बाकी सारे चालते, फक्त आजीच थिजते? मग दोष तिच्याकडे असावा. हीच तपासणी तिला फोनवर मराठीतून समजावून सांगा. जमेल ना?