नकाशांची गोष्ट (भाग 6) : आधी एक रेघ

मागच्या आठवड्यात आपण खलाशांचे नकाशे पाहिले. पण डोंगर, नद्या, जंगलं असलेला अख्खा देश अचूक कसा मोजायचा?

वही घ्या. 6 सेंटिमीटरची रेघ ओढा. एका टोकाशी 60 अंशांचा, दुसऱ्या टोकाशी 50 अंशांचा कोन काढा. दोन्ही रेषा एकाच बिंदूत भेटतील. त्या बिंदूपर्यंत पट्टी न लावताच त्याचं अंतर गणिताने काढता येतं. मग त्रिकोणाची नवी बाजू धरून पुढचा त्रिकोण काढायचा. एकदा पहिली रेघ मोजली, की पुढे मुख्यतः कोनच मोजायचे.

भारत असाच मोजण्यासाठी विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने ही पहिली रेघ 1802 मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंट टेकडीजवळ मोजली. लांबी साधारण साडेसात मैल, म्हणजे 12 किलोमीटर. साधन होतं शंभर फुटी पोलादी साखळी. उन्हाने पोलाद प्रसरण पावतं. तापमान एका अंशाने वाढलं तर एवढी साखळी जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. तेवढ्याने काय बिघडतं? साखळी सुमारे 400 वेळा टाकायची होती. तेवढीच चूक दर वेळी झाली असती तर जवळजवळ 14 सेंटिमीटरचा फरक पडला असता. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी तापमापक लावले होते. या कामाला 57 दिवस लागले. मला तर या सगळ्या मोहिमेत हेच दिवस सर्वांत मोलाचे वाटतात.

कोन मोजायला होतं थिओडोलाइट, वजन सुमारे अर्धा टन! 1808 मध्ये तंजावरच्या मंदिराच्या उंच शिखरावर ते चढवताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळलं आणि कोन दाखवणारं चक्र वाकलं. पाचरी, स्क्रू आणि कप्प्या वापरून लॅम्ब्टनने सहा आठवड्यांत ते चक्र पुन्हा गोल केलं.

कंपनी सरकारला हे मोजमाप हवं होतं ते राज्य आणि महसूल पक्का करायला, हेही लक्षात ठेवा. आणि यंत्रं वाहणाऱ्या, झाडी तोडणाऱ्या बहुतेक भारतीय माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. एक नाव मात्र टिकलं, ते राधानाथ सिकदार यांचं. त्रिकोणांची साखळी हिमालयाच्या पायथ्याशी पोचल्यावर ‘शिखर 15’ जगात सर्वांत उंच असल्याचं या बंगाली गणितज्ञाने आकडेमोडीतून दाखवलं. 1856 मध्ये जाहीर झालेली उंची होती 29,002 फूट. आजच्या मोजणीपेक्षा फक्त 9 मीटर कमी! तेच एव्हरेस्ट.

लॅम्ब्टनला हिमालयापर्यंत पोचता आलं नाही. 1823 मध्ये काम चालू असतानाच तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्या बाजूला गेलात तर जरूर बघून या.

पुढच्या आठवड्यात : जपमाळेच्या मण्यांवर पावलं मोजत तिबेटात गेलेले नैनसिंग रावत.