नाकातली नळी पाहून घाबरू नका

"बाळाला ऑक्सिजन लावला, आता काही खरं नाही," असं गटाच्या बैठकीत आम्ही ऐकतो. म्हणून आज त्या नळीविषयी बोलू.

तान्ह्याची सर्दी कधी छातीत उतरते. बारीक श्वासनळ्या सुजून कफाने भरतात. हा ब्रॉन्किओलायटिस. तो विषाणूमुळे होतो, त्यामुळे अँटिबायोटिकचा सहसा उपयोग नसतो. बरीच बाळं घरीच बरी होतात. काहींना धाप लागते, मग ऑक्सिजन द्यावा लागतो.

हाय-फ्लो यंत्र हवा आणि ऑक्सिजन एकत्र करून, कोमट व ओलसर करून वेगाने नाकात सोडतं. बाळाचे श्वासाचे कष्ट कमी होतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या १४७२ बाळांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. साधा ऑक्सिजन १०० पैकी २३ बाळांना पुरला नाही. हाय-फ्लो १२ जणांना पुरला नाही. दवाखान्यातले दिवस मात्र तेवढेच राहिले. म्हणजे नळी आजार घालवत नाही, तो ओसरेपर्यंत बाळाला तग धरायला मदत करते. म्हणून ती आपल्या हाताने काढू नका.

बरगड्या आत ओढल्या जात असतील, बाळ दूध पीत नसेल, ओठ निळे दिसले, तर डाग देण्यात वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा.