काचेत फुललेली वनस्पतिसृष्टी

वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांपुढे एक अडचण नेहमी उभी राहते. ताजे फूल काही तासांत कोमेजते. कागदात दाबून वाळविलेल्या नमुन्याचा रंग उडतो व आकार चपटा होतो. एकोणिसाव्या शतकात लिओपोल्ड ब्लाश्का व त्यांचे पुत्र रुडॉल्फ या काचकलावंतांनी या अडचणीतून काढलेला मार्ग अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो. तेथील काचेच्या सुमारे ४,३०० प्रतिकृतींतून सुमारे ७८० जातींच्या वनस्पतींचे दर्शन घडते.

दागिन्यांपासून सागरी जीवांपर्यंत

लिओपोल्ड यांचा जन्म १८२२ साली बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, झाला. काचेचे अलंकार घडविणे हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय होता. काचेचे कृत्रिम डोळेही ते बनवीत. १८५० साली पत्नीचे आणि १८५२ साली वडिलांचे निधन झाल्यावर, १८५३ मध्ये ते अमेरिकेच्या सफरीस निघाले. वारा पडल्यामुळे जहाज अटलांटिक महासागरात सुमारे दोन आठवडे खोळंबले. त्या अवधीत पाण्यातील पारदर्शक जेलीफिश त्यांनी बारकाईने न्याहाळले व त्यांची चित्रे काढली.

या निरीक्षणाचा उपयोग पुढे झाला. सागरी जीव मद्यार्कात ठेवले असता त्यांचा रंग जातो व शरीर आकसते. काचेत मात्र ती पारदर्शकता टिकविता येते. १८६३ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संग्रहालयासाठी त्यांनी समुद्रपुष्पांच्या प्रतिकृती तयार केल्या. त्यानंतर अनेक देशांतील संग्रहालयांकडून मागणी येऊ लागली. पुत्र रुडॉल्फ हेही वडिलांच्या हाताखाली तयार होऊन या कामात सहभागी झाले.

हार्वर्डचे काम

१८८६ साली हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज गुडेल त्यांना भेटले व फुलांच्या प्रतिकृती करण्याची विनंती केली. प्रथम पाठविलेले थोडे नमुने अमेरिकेतील जकात तपासणीत मोडले. तथापि त्या तुकड्यांवरूनही कारागिरीची योग्यता पटली. एलिझाबेथ वेअर व त्यांची कन्या मेरी यांनी खर्चाचा भार उचलला. १८९० पासून पितापुत्र केवळ हार्वर्डसाठी काम करू लागले.

कामाची पद्धती

काचेच्या कांड्या व नळ्या दिव्याच्या ज्योतीत मऊ करावयाच्या, पायाने चालविलेल्या भात्याने ज्योत प्रखर ठेवावयाची आणि चिमट्यासारख्या साध्या हत्यारांनी पाकळी, पान, पुंकेसर घडवावयाचे, अशी ही पद्धती होती. काही भाग उष्णतेने, तर काही सरसाने जोडले जात. देठाच्या आधारासाठी अनेकदा आत तार घातलेली असे. आरंभीच्या नमुन्यांवर रंग हाताने दिलेला आहे. पुढे रुडॉल्फ यांनी रंगीत काचेची पूड वितळवून रंग पक्का बसविण्याची रीत अधिकाधिक वापरली.

हाताच्या कामाइतकेच निरीक्षण महत्त्वाचे होते. घराभोवतीच्या बागेत लावलेल्या झाडांचा अभ्यास होई. १८९२ मध्ये रुडॉल्फ जमेका व अमेरिकेत गेले आणि तेथील वनस्पतींची चित्रे व रंगांच्या नोंदी घेऊन परतले. फुलांच्या सूक्ष्म भागांच्या अनेक पटींनी मोठ्या केलेल्या प्रतिकृतीही त्यांनी केल्या. विशेष म्हणजे नंतरच्या काळात रुडॉल्फ यांनी रोगग्रस्त सफरचंदे, नासपाती इत्यादी फळेही काचेत घडविली. निर्दोष फुलाइतकेच कुजके फळही अभ्यासकाला शिकवून जाते.

विद्येचा वारसा

या दोघांजवळ काही गुप्त यंत्र असावे, असा त्या काळी अनेकांचा समज होता. लिओपोल्ड यांनी तो स्पष्टपणे नाकारला. पिढ्यानुपिढ्या हातात मुरत आलेले कौशल्य हेच आपले साधन, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या बोलण्याची खरी कसोटी पुढे लागली. १८९५ मध्ये लिओपोल्ड निवर्तले. रुडॉल्फ यांनी सुमारे चाळीस वर्षे एकट्याने काम चालविले व १९३६ मध्ये ते थांबविले. त्यांना अपत्य नव्हते आणि त्यांनी शिष्यही तयार केला नव्हता. १९३९ मध्ये त्यांच्या निधनाबरोबर ही परंपरा खंडित झाली.

प्रतिकृती उरल्या, त्या घडविणारा हात मात्र पुढे कोणाला मिळाला नाही. निष्णात कारागीर हयात असतानाच त्याच्याजवळ चार मुले शिकावयास बसविणे, ही समाजाची जबाबदारी आहे. कारागिराची विद्या कोणत्याही संग्रहालयाच्या कपाटात जपून ठेवता येत नाही.