घरी बसते, पण माझी हजेरी कोण लावणार?

आज जरा आमच्याच चुकीपासून सुरुवात करतो.

मे महिन्यात आम्हाला कापडी मास्क शिवायचं काम मिळालं. शेडमध्ये मशिनी लांब लांब मांडल्या. आमच्यातल्या एक मावशी, वय ६३, शुगर आणि बीपी दोन्ही. आम्ही सगळ्यांनी अगदी मायेनं सांगितलं, "मावशी, तुम्ही येऊ नका. काही झालं तर आम्ही काय करायचं?" मावशींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बसते की घरी. पण माझी हजेरी कोण लावणार गं?" आम्ही गप्प. काम नगावर होतं. मशीनवर बसलं नाही तर पैसा नाही, हे ठाऊक असूनही आम्हीच त्यांना घरी पाठवत होतो.

त्या प्रश्नापायी आम्ही तालुक्याला फेऱ्या मारल्या, कागद वाचले. त्यातून एक गोष्ट कळली. 'घरी राहा' सांगणारा कागद वेगळा आणि मजुरी देणारा कागद वेगळा. पहिला सगळ्यांसाठी होता, दुसरा प्रत्येकीच्या कामाप्रमाणे बदलतो.

केंद्र सरकारच्या ३० मे २०२० च्या आदेशात ६५ वर्षांवरची माणसं, जुना आजार असलेले, गरोदर बाया आणि १० वर्षांखालची मुलं यांनी घरीच राहावं असा सल्ला होता. या सल्ल्यात मजुरीबद्दल अवाक्षर नव्हतं. मुंबईत एप्रिल २०२० मध्ये ५५ वर्षांवरच्या पोलिसांना घरी राहायला सांगितलं, आजार असेल तर ५२ नंतरच. चांगलंच झालं. पण त्यांना महिन्याचा पगार असतो. खुरपणीला जाणाऱ्या बाईला कसला पगार?

आता "सरकारनं सगळ्यांना पूर्ण पगार द्यायला सांगितलाय" असं जे गावात बोललं जात होतं, त्याबद्दल. असा आदेश निघाला होता, २९ मार्च २०२० ला. टाळेबंदीत कारखाना किंवा दुकान बंद राहिलं, त्या काळाचा पगार मालकानं न कापता द्यावा, असा. तो १८ मेपासून उठला. मधल्या ५० दिवसांच्या पगारावर मालक सुप्रीम कोर्टात गेले. १२ जूनला कोर्टानं सांगितलं, मालकांवर सध्या सक्ती नको, दोघांनी बसून तडजोड करावी, कामगार खात्यानं त्यात मदत करावी. म्हणून एमआयडीसीत किंवा दुकानात काम करणाऱ्या बायांनी त्या ५० दिवसांचा हिशेब सोडू नये, असं आम्ही तेव्हा सांगितलं. पाचसहा जणींनी मिळून सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. एकटीनं जाऊ नका, एकटीला उद्या या म्हणतात.

कारखाना सुरू झाला, पण आजारामुळे तुम्ही जाऊ शकत नाही, तर पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआय कापलेलं आहे का ते बघा. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर हे लागू होतं, कारखाना त्यात बसत असला तर. विम्याच्या डॉक्टरनं 'कामावर जाण्यास असमर्थ' असा दाखला दिला, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते. रोज ३०० असेल तर २१० रुपये. त्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. टीबी, कॅन्सर, अर्धांगवायू असे ठरावीक मोठे आजार असतील आणि नोकरी दोन वर्षांची असेल, तर पुढेही ८० टक्क्यांनी मिळत राहतं. पण नुसती भीती आहे, शुगर आहे, एवढ्यावर हे पैसे मिळत नाहीत. दाखला लागतो. २०२० मध्ये पीएफमधून तीन महिन्यांच्या पगाराइतकी किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यात जी कमी ती रक्कम काढता येत होती. ती आपलीच साठवण, तिला मजुरी म्हणायचं नाही.

रोजगार हमीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेक जणी तिथंच जातात. एका गावात साठीच्या बायांना "तुमचं वय झालं" म्हणून परत पाठवलं. कायद्यात वयाची वरची मर्यादा नाहीच. पाणी देणं, कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असली तर ती सांभाळणं, ही कामंही हजेरीपत्रकावर येतात आणि मजुरी तीच, २०२०-२१ मध्ये आपल्या राज्यात २३८ रुपये होती. अर्ज दिला की तारखेची पोच मागून घ्या. १५ दिवसांत काम मिळालं नाही तर पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान चौथा हिस्सा बेकारी भत्ता, म्हणजे तेव्हाच्या दरानं साडेएकोणसाठ रुपये रोज. पण इथं फसू नका. काम मागितलं, मिळालं आणि भीतीपोटी गेलाच नाहीत, तर तीन महिने भत्त्याचा हक्क जातो. जायचं नक्की असेल तरच मागा.

शेतमजुरीला यातलं काही लागू नाही. खरं सांगायचं तर तिथं रजा हा शब्दच नाही. ६५ पूर्ण असतील तर श्रावणबाळ, त्याआधी दुर्धर आजार असेल आणि उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत असेल तर संजय गांधी निराधार. २०२० मध्ये महिन्याला १,००० रुपये मिळत. आजाराचा दाखला सरकारी दवाखान्यातून घ्या, अर्ज तहसीलला. हजारात महिना निघत नव्हता, हे आम्हालाही कळत होतं.

आणि आमच्या मावशी? कापलेलं कापड आता त्यांच्या ओसरीवर पोचतं, त्यांची मशीन घरीच आहे. नग मोजून वहीत त्यांच्या नावापुढे तोच दर लागतो. पण त्या घरी बसल्या ते पहिले दोन आठवडे कोरेच होते. रविवारच्या बैठकीत यावर चांगलाच वाद झाला. "न शिवलेल्या मास्कचे पैसे कसले?" एकीनं विचारलं. तिचंही अगदी चूक नव्हतं, तिच्या घरीही चूल थंडच होती. शेवटी बाकीच्यांच्या सरासरी कमाईच्या निम्मे पैसे गटाच्या नफ्यातून द्यायचे ठरले, आणि तसा ठराव वहीत लिहिला. पुढच्या वेळी कुणाला घरी बसवायचं तर दर आधी ठरवायचा, हेही त्याच ठरावात आहे.

मावशींनी पैसे मोजून घेतले, सही केली आणि शेडमध्ये राहिलेली आपली कात्री परत मागितली.